डाव्या कानाची जागा

नाना, मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. चहा झाला होता. मी शाळेत जायला निघाले होते. सासूबाईंनी, आपल्या आत्याबाईंनी, हाक मारली म्हणून मी पिशवी उंबऱ्यात ठेवून आत आले. दहा वाजता डॉक्टर येऊन गेले. यांना भोपाळला तार केली. हे बुधवारी सकाळच्या गाडीने आले आणि नऊ वाजता तुम्हाला तापीवर नेलं.

तुमचं मातीचं डोकं ओसरीच्या कोपऱ्यात होतं. जात्यावर फळी, फळीवर डोकं, त्यावर ओलं फडकं आणि फडक्यावर केळीचं पान. लोक बसायला येऊ लागले तेव्हा कोणीतरी ते उचलून मागच्या खोलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून हे घरी आले, आणि आत्याबाई पहिल्यांदा त्याबद्दल बोलल्या.

"ते बी सोडून द्या तापीत. माणूस गेल्यावर त्याचं मातीचं तोंड घरात ठेवत नाहीत."

हे माझ्याकडे बघू लागले.

"गणपती सोडतो आपण," आत्याबाई म्हणाल्या. "गुलाबाई सोडतो. देवाले ठेवत नाही, अन् यांले ठेवता का?"

पूर्ण झाल्यावर त्या डोक्याचं काय करायचं, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मला वाटत होतं की ते पूर्ण होणार आहे.

ते सोडायचं की ठेवायचं, हे ठरायला महिना लागला. ते कसं ठरलं हे तुम्हाला सांगायचं आहे, आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. समोर असताना तुमच्याशी मी फारसं बोलले नाही. सून सासऱ्याशी किती बोलणार. लिहायला मात्र तुम्हीच लावलंत, तेव्हा लिहिते.

नाना, मला अजून हसू येतं की हे सगळं एका फॉर्ममुळे सुरू झालं. नवं राज्य झालं, नागपूर तिकडे गेलं, बुऱ्हाणपूर इकडे राहिलं, आणि तुमच्या पेन्शनचे कागद नागपूरहून भोपाळला निघाले. ते पोचायला वर्ष लागलं. मग कचेरीतून नवा फॉर्म आला, हिंदीत. त्यात एक रकाना होता, शरीरावरच्या ओळखीच्या खुणेचा. तुम्ही टाक हातात धरून बसून राहिलात. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलंत, "ऐकलं का? माझ्या तोंडावर काही खूण आहे का?"

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. "मले काय माहीत? मी काय पाह्यलं?"

"चाळीस वर्षं झाली लग्नाला."

"म्हणून काय तोंड पाहत बसू? कामं नाहीत का मले?"

तुम्ही रकाना रिकामा ठेवून कचेरीत गेलात. तिथला कारकून म्हणाला, "मास्टरजी, सब तिल लिखवाते हैं. माथे पर लिख दूँ?" आणि त्याने कपाळावर तीळ लिहून टाकला. घरी येऊन तुम्ही आरसा घेतलात आणि दिवाणावर बसून तो तीळ शोधलात. मी चहा ठेवायला आले तेव्हा तुम्ही भुवया वर करून कपाळ ताणून बघत होतात. "नाही सापडत," म्हणालात. मला वाटलं गंमत करताय. दुसऱ्या दिवशीही तुम्ही आरशापुढे होतात.

तिसऱ्या दिवशी म्हणालात, "सुमन, मी आयुष्यभर पोरांना सांगितलं, आधी बघा, मग काढा. हे तोंड मी रोज धुतो. बघितलं कधीच नाही."

"मग काढा ना," मी म्हटलं.

"कागदावर नको. कागदावर डोक्याची मागची बाजू लागत नाही. मला मागचीही बघायची आहे."

दगडू कुंभार गावाबाहेरच्या लालबागेतून गाढवावर माती घेऊन आला. तुमचा जुना विद्यार्थी, पण चित्रकलेत नापास झालेला. ते तो स्वतःच सगळ्यांना सांगतो.

"मास्तर, आता मडके करता काय?"

"नाही रे. डोकं करतो."

"आहे त्याले काय झालं?"

तुम्ही जात्याच्या वरच्या तळीवर फळी बसवलीत, म्हणजे डोकं हवं तसं फिरवता येईल. आत्याबाई दोन दिवस धुसफुसत होत्या. दळण गिरणीतून येत होतं, तरी डाळ भरडायला जातं लागायचं. शेवटी त्यांनी शेजारणीकडे डाळ भरडून आणली आणि तिला सांगितलं, आमच्या घरी जात्यावर मास्तर दळताहेत.

मला तुम्ही कशासाठी ओढलंत, ते मला आजही नीट माहीत नाही. हे भोपाळला एका खोलीत राहत होते. दुसरी खोली मिळाली की मी जायचं, असं ठरलेलं होतं. शाळेत मराठीचे वर्ग कमी होत चालले होते. मी संध्याकाळी घरी येऊन कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची. तुम्ही एक मातीचा गोळा माझ्यापुढे ठेवलात. "तू पण कर. वाचून वाचून डोकं केवढं झालं, ते तरी कळेल."

मला वाटलं होतं, चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड. बाकी डोकं म्हणजे ते ठेवायची जागा. माझ्या पहिल्या डोक्यात डोळे पार वर, केसांच्या खाली लागून होते. तुम्ही मला हात लावला नाहीत. कंपासपेटीतला कर्कटक माझ्यापुढे ठेवलात आणि पाठ फिरवून बसलात. "हनुवटीपासून डोळ्यापर्यंत माप. मग डोळ्यापासून टाळूपर्यंत."

मी मापलं. दोन्ही सारखं आलं. माझा विश्वास बसला नाही. मी पुन्हा मापलं.

"डोळे डोक्याच्या बरोबर मध्ये असतात," तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात. "सगळ्यांचे. आपण अर्धं डोकं विसरतो, कारण तिथे काही होत नाही असं वाटतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलींच्या डोक्यांकडे बघत राहिले. सगळ्यांचे डोळे मध्ये होते. इतकी वर्षं मी त्याच वर्गात शिकवत होते.

मग तुम्ही डोळे मिटून चाचपायला शिकवलंत. डोळे मिटून नाकावरून बोट फिरवायचं आणि त्याच बोटाने मातीवर. बोट मोठं करून सांगतं, हे आम्हा दोघांनाही कळायला आठवडा गेला. आमची दोघांची नाकं वांग्यासारखी झाली होती. आत्याबाई जाता जाता थांबल्या, एकदा या डोक्याकडे बघितलं, एकदा त्या. "सासरा-सून नाही, बाप-लेक वाटता," म्हणाल्या, आणि निघून गेल्या. तुम्ही खूप वेळ हसलात.

तुमचं पहिलं मोठं आश्चर्य दोन आरशांचं. एका आरशात बाजू दिसत नाही, म्हणून तुम्ही न्हाव्याकडून दुसरा आरसा मागून आणलात आणि दोन्ही कोनात उभे केलेत. मग त्यात बघून तुम्ही एकदम मागे सरकलात.

"सुमन, हा भांग कोणत्या बाजूला आहे?"

"डाव्या."

"माझा उजव्या बाजूला आहे."

"नाना, तुमचा डाव्याच बाजूला आहे. एका आरशात तो उलटा दिसतो. दोन आरशांत पुन्हा सुलटा होतो."

तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "म्हणजे लोक मला असं बघतात. मला हा माणूस कोणी कधी दाखवला नाही." त्या संध्याकाळी तुम्ही केलेलं सगळं मोडलंत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. केलेलं डोकं उलटं होतं. मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही तर शीळ घालत माती मळत होतात.

माझी चूक तुमच्यापेक्षा मजेची होती, निदान तुम्हाला तशी वाटली. मी दीड महिना खपून माझं डोकं केलं. डोळे जागेवर, नाक बेतात. तुम्ही जातं हळूहळू फिरवलंत. एक फेरा, दुसरा फेरा.

"कान कुठे?"

"पदराखाली."

मी स्वतःला डोक्यावर पदर घेतलेलीच केली होती. पदराच्या चुण्या मी फार मन लावून केल्या होत्या. मला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नव्हतं. लग्न होऊन सात वर्षं झाली होती. या घरात आरशात मला तेच दिसायचं.

तुम्ही चष्मा पुसलात. "मातीला कुठे सासरा असतो?" म्हणालात. "पदर काढ. तिचा. मी सकाळी फिरायला जातो तेव्हा करत जा."

म्हणून मग मी सकाळी करू लागले. तुम्ही तापीकडे फिरायला गेलात की मी पदर खाली घ्यायची, दोन आरसे लावायची आणि पहिल्यांदा माझे कान बघायची. आत्याबाई दाराशी मेथी निवडत बसायच्या. त्यांचा या प्रकाराला विरोध होता, तरी पहाराही त्याच द्यायच्या. "येऊन राह्यले वं, घे डोक्यावर!" मी मातीच्या हाताने पदर ओढायची. माझ्या सगळ्या लुगड्यांच्या काठांना तेव्हा मातीची बोटं लागलेली असायची.

एकदा तुम्ही मागच्या दाराने आलात. आत्याबाई पुढच्या दाराशी होत्या. माझे दोन्ही हात मातीत, पदर खांद्यावर. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही. मातीकडे बघितलंत. "उजवा कान अर्धं बोट खाली घे," म्हणालात, आणि आत जाऊन चहा मागितलात. त्यानंतर ओसरीवर मी डोक्यावर पदर घेतला नाही. आत्याबाईंनी फक्त ओसरीला बांबूच्या चिकाचा पडदा लावून घेतला, रस्त्यावरून दिसायला नको म्हणून.

आता, जे कबूल करायचं आहे ते.

फाल्गुनात तुमचं डोकं जवळजवळ झालं होतं. उजवा कान तुम्ही तीन दिवसांत केलात. डावा केलात, आणि मला तो खटकू लागला. तो वर होता. तुम्हीच मला शिकवलं होतं की कानाचं वरचं टोक भुवईच्या ओळीत येतं आणि पाळी नाकाच्या टोकाच्या. उजवा तसा होता. डावा चांगला एक बोट वर चढला होता. मला वाटलं, मान वळवून दोन आरशांत बघताना तुमची चूक झाली. मला वाटलं, डोळे थकले असतील. तुमच्याकडे बघून खात्री करून घ्यावी, असं मात्र मला वाटलं नाही. तुम्ही जेवायला बसायचात, मी वाढायची. तुम्ही समोर असायचात, माझी नजर ताटावर असायची. सात वर्षं मी तुमचे हात बघितले होते, पायही बघितले होते. नियम पुस्तकातला माहीत होता, म्हणून मी नियम वापरला.

तुम्ही दुपारी झोपला होतात. मी तो कान काढला आणि एक बोट खाली लावला. जोड अंगठ्याने पुसला. छान झाला होता. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

चार वाजता तुम्ही फडकं काढलंत. जातं फिरवलंत आणि थांबलात.

"याला हात कोणी लावला?"

"मी. तो वर होता, नाना."

तुम्ही त्या कानावरून बोट फिरवलंत. रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. "चांगला केलाय," म्हणालात. "पण हा माझा नाही." आणि माती कापायची तार घेऊन तो कान कापलात, चुरगाळलात, मातीच्या घमेल्यात टाकलात.

"चुकीचा होता पहिला," मी म्हटलं. एवढं बोलायची मला सवय नव्हती.

"असेल. पण ज्याचं त्याने करायचं. नाहीतर आपण कचेरीतून तीळच लिहून आणू."

आठ दिवस आपण बोललो नाही. म्हणजे चहा, पाणी, जेवायला वाढलंय, एवढं बोलायचो. नवव्या दिवशी तुम्हीच विचारलंत की भोपाळची दुसरी खोली मिळाली का. मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. तुझं डोकं अर्धं आहे अजून." आपलं पूर्ववत सुरू झालं. पण तो कान तुम्ही पुन्हा केला नाहीत. त्या जागी तुम्ही काडीने आडवे-उभे ओरखडे काढून ठेवलेत, माती लावताना नीट धरावी म्हणून. पहिल्या जागीच, वर. मी ते रोज बघायची आणि मनात म्हणायची, पुन्हा तिथेच चुकताय. माफी मी मागितली नाही, कारण मला वाटत होतं माझंच बरोबर आहे. मग चैत्र लागला, आणि तो मंगळवार आला.

मंगळवारी दुपारी तुम्हाला ओसरीवर ठेवलं होतं. दापोऱ्याहून भाऊबंद यायचे होते. आळीतल्या बायका आत्याबाईंजवळ बसल्या होत्या. मी तुमच्या डोक्याशी बसले होते, आणि मी बघितलं. आता बघायला काही अडचण नव्हती. तुमचा चष्मा काढलेला होता. मी कधीच नीट न बघितलेला चेहरा होता तो, आणि तरी मला त्याचं प्रत्येक वळण ओळखीचं होतं, कारण मातीत मी ते वर्षभर बघत होते. भुवईच्या टोकापासून मी नजर आडवी नेली. उजवीकडे कान ओळीत होता. डावीकडे तो वर होता. बरोबर एक बोट.

तुमचा चष्मा नेहमी तिरका बसायचा. तुम्ही तो सारखा सारखा सरळ करायचात. आम्हाला वाटायचं, काडी वाकली आहे.

बायकांना वाटलं मला रडू आलं. मला तेव्हा रडू आलं नव्हतं. मी विचार करत होते, माझ्या कानाचं काय असेल. तुम्ही सांगितलं तसा मातीतला माझा उजवा कान मी अर्धं बोट खाली घेतला होता. तुम्ही न बघितल्यासारखं करून बघितलं होतंत, म्हणजे तुम्हाला बघता येत होतं. मला येत नव्हतं. एवढंच मला कळलं. रडू मग नंतर आलं, पाणी भरताना.

सुतकाच्या दिवसांत मी मागच्या खोलीत गेलेच नाही. पाहुणे, भांडी, दहाव्याची तयारी. शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, सुतकात मूर्तीला हात लावू नये. सहाव्या दिवशी दुपारी उन्हाची झळ ओसरीपर्यंत आली आणि मला ते डोकं आठवलं. चैत्रातल्या उन्हाळ्यात ओल्या मातीवरचं फडकं पाच दिवस भिजवलं नाही तर ती तडकते. सोडायचं की ठेवायचं, हे ठरायच्या आतच सगळं संपलं असणार. मी धावत गेले.

फडकं ओलं होतं. पान ताजं होतं.

मागे वळले तर दारात आत्याबाई, हातात तांब्या.

"कोरडं पडत होतं," म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात ना, सोडून द्यायचं?"

"सोडायचं तं ओलंच पाह्यजे. वाळलं तं विरघळन कसं?"

नाना, आत्याबाईंनी आयुष्यभर चुली घातल्या आहेत. वाळलेली माती पाण्यात लगेच विरघळते आणि ओली गोळा होऊन बसते, हे त्यांना आपल्या दोघांपेक्षा जास्त माहीत आहे. त्यांनी फडक्यावर पाणी शिंपडलं, पान नीट केलं आणि हात पदराला पुसले. पुढचे आठ दिवस ते काम त्यांनीच केलं. मला करू दिलं नाही.

तेरावा झाला, पाहुणे गेले. आत्याबाई यांना म्हणाल्या, "वसंता, दगडूले बोलव."

दगडूने डोकं पुन्हा ओसरीतल्या जात्यावर आणून चारी बाजूंनी बघितलं, टिचकी मारून बघितलं. "आतून भरीव आहे. असं भट्टीत टाकलं तं फुटन. वरून टाळू कापा, आतून कोरा, मग परत बसवा. मास्तर मले विचारायचे, दगडू, तुझ्या डोक्यात काय भरलंय. आता आपण त्यायच्या डोक्यात पाहू."

हे हसले नाहीत. मी तार यांच्या हातात दिली. तुमचा मुलगा, मोठा, त्यानेच करावं असं मला वाटलं. यांनी तार घेतली, कपाळाच्या वर धरली, आणि खाली ठेवली.

"मी एकदा केलंय," हे म्हणाले. "घाटावर. पुन्हा नाही."

तेव्हा मला कपालक्रिया आठवली, आणि मी काय मागत होते ते समजलं.

आत्याबाई पुढे आल्या. जात्यापाशी बसल्या, आणि दोन्ही तळव्यांत तुमचे गाल धरले. सगळ्यांसमोर. "मी धरते," म्हणाल्या. "सुमन, तू काप. हळू."

मी कापलं. टाळू झाकणासारखी निघाली. मग चमच्याने आतून माती काढली. तुम्ही खूप घट्ट भरलं होतं. आत तुमच्या अंगठ्याचे ठसे होते, एकावर एक, पहिल्या दिवसापासूनचे. मी तो कापलेला कानही शोधत होते, वेड्यासारखी. तो घमेल्यात गेला होता आणि घमेल्यातली माती तुम्ही नंतर मानेला लावली होती. मानेतली माती आणि कानातली माती वेगळी ओळखू येत नाही.

टाळू परत बसवली. दगडू म्हणाला, सावलीत पंधरा-वीस दिवस वाळू द्या, मग नेतो. उठता उठता त्याने डाव्या बाजूचे ओरखडे बघितले. "इथं काही लावायचं होतं का? लावायचं तं आजच. वाळल्यावर धरणार नाही."

"कान," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू लाव ना. तुला येतं. नानांनीच शिकवलंय. एका कानाचं कसं ठेवायचं?"

तेव्हा मी यांना आणि आत्याबाईंना सगळं सांगितलं. तुम्ही झोपलेले असताना मी काय केलं ते, तुम्ही काय म्हणालात ते, आणि मंगळवारी मी काय बघितलं ते. आत्याबाई ऐकत होत्या. त्यांनी ओरखड्यांवर बोट ठेवलं.

"इथंच होता," म्हणाल्या. "डावा वरच होता त्यायचा. लग्नापासून दर शनिवारी तेल घातलं मी त्या कानात."

"मग तुम्ही तेव्हा फॉर्मवर का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"आता काय, कचेरीत सांगू?"

हे पहिल्यांदा हसले. दगडू दाराशी खोळंबला होता. घमेल्यात ओली माती होती, कर्कटक होता, माप मला पाठ होतं. मला तो कान अर्ध्या तासात करता आला असता, आणि या वेळी तो बरोबर झाला असता. मी माती हातात घेतली. बराच वेळ मळत राहिले. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या.

मी माती परत घमेल्यात ठेवली.

"राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. "ने रे दगडू, वाळलं की."

तापीत सोडण्याचं त्यानंतर कोणी काढलं नाही. काल दगडू भाजलेलं डोकं घेऊन आला. लाल झालंय, थोडं आखडलंय, उजव्या गालाला धुराचा डाग पडलाय. आत्याबाईंनी ते तुमच्या दिवाणाजवळच्या कपाटावर ठेवलं आणि तोंड ओसरीकडे केलं. भोपाळची दुसरी खोली मिळाली आहे. शाळेच्या परीक्षा संपल्या की मी जाईन. माझं डोकं फडक्यात गुंडाळून बरोबर नेणार आहे, ते अजून अर्धंच आहे. आत्याबाई इथेच राहणार म्हणतात.

तुमचा डावा कान कुठे होता, ते मला माहीत आहे. आत्याबाईंनाही माहीत आहे. आम्ही दोघींनी तो लावला नाही.